जुने ग्राफिक कार्ड घेण्याआधी खाच पाहा

आपल्या सीमाभागात जुना संगणक सहसा भंगारात जात नाही. तो माळ्यावर जातो, भाच्याकडे जातो, नाहीतर दुकानाच्या मागच्या खोलीत जुन्या कामासाठी राहतो. या शेवटच्या प्रकारातले संगणक बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यात आजही बरेच दिसतात. मालकाचा कंजूषपणा हे त्याचे कारण नव्हे. खरे कारण दोन लिपींचे आहे. एकाच लग्नपत्रिकेत डावीकडे मराठी आणि उजवीकडे कन्नड मजकूर, मंडळाचा अहवाल अर्धा या भाषेत अर्धा त्या भाषेत, ही आपल्याकडची नित्याची कामे. श्रीलिपी, आकृती, नुडी, बरहा अशा प्रणालींवर ती वर्षानुवर्षे झाली. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या फाँटमध्ये केलेल्या या फायली नव्या संगणकावर उघडल्या की पडद्यावर देवनागरी नाही, कन्नडही नाही, नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. काही प्रणालींना प्रिंटरच्या पोर्टला लावायचे लॉक लागते आणि आजच्या संगणकाला तो पोर्टच नसतो. तेव्हा पेंटियम थ्री किंवा पेंटियम फोरचा तो जुना डबा राखून ठेवावाच लागतो.

असा डबा एक दिवस चालू होतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो. अवॉर्ड बायोसचा बोर्ड असेल तर एक लांब आणि दोन आखूड शिट्ट्या ऐकू येतात. याचा अर्थ ग्राफिक कार्डाची तक्रार. आधी मॉनिटरची केबल तपासावी, कार्ड काढून त्याचे सोनेरी दात खोडरबराने पुसून परत घट्ट बसवावे. निम्म्या वेळा एवढ्यावर भागते. नाही भागले आणि कार्डावरचे छोटे कपॅसिटर टोपी फुगवून बसलेले दिसले, तर कार्ड बदलण्याला पर्याय नाही. नवे तर आता कुणी बनवत नाही. मग जुन्या बाजारातून, ओळखीच्या मेकॅनिककडून, बंगळुरूच्या एस. पी. रोडवरून कार्ड मागवले जाते. आणि इथेच धोका आहे. कारण दिसायला सारखी, त्याच तपकिरी स्लॉटमध्ये बसणारी ही कार्डे आतून वेगवेगळ्या व्होल्टेजची असतात, आणि चुकीचे कार्ड बसवले तर बिचारे कार्ड वाचते, मदरबोर्ड जातो.

हा स्लॉट म्हणजे एजीपी. इंटेल कंपनीने त्याचा आराखडा १९९६ मध्ये जाहीर केला आणि १९९७ मध्ये ४४० एलएक्स या चिपसेटबरोबर तो बाजारात आला. त्याआधी ग्राफिक कार्ड साध्या पांढऱ्या पीसीआय स्लॉटमध्ये इतर कार्डांच्या रांगेत बसायचे. एजीपीने त्याला स्वतंत्र वाट दिली. पहिल्या आवृत्तीत कार्ड आणि चिपसेट यांचे बोलणे ३.३ व्होल्टवर चालायचे आणि वेग १एक्स किंवा २एक्स, म्हणजे सेकंदाला सुमारे २६६ किंवा ५३३ मेगाबाइट. १९९८ मध्ये दुसरी आवृत्ती आली. वेग ४एक्स झाला आणि बोलण्याचे व्होल्टेज १.५ वर उतरले. २००२ मध्ये तिसरी आवृत्ती आली, वेग ८एक्स, सेकंदाला सुमारे २,१३३ मेगाबाइट, आणि संकेत ०.८ व्होल्टचे. वेग वाढवायचा तर संकेत पटापट वरखाली व्हायला हवेत, आणि उंच जिना चढण्यापेक्षा बुटकी पायरी चढणे लवकर होते, तसा हा प्रकार आहे. म्हणून दर पिढीत व्होल्टेज खाली गेले.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे, मेकॅनिक मंडळींतही. ‘३.३ व्होल्टचे कार्ड’ म्हणजे ३.३ व्होल्टवर चालणारे कार्ड, असे नव्हे. एजीपी स्लॉट प्रत्येक कार्डाला ३.३, ५ आणि १२ व्होल्ट असा तिन्ही प्रकारचा वीजपुरवठा देतच असतो. ते पोट भरण्याचे व्होल्टेज. आपण ज्याबद्दल बोलतो आहोत ते संकेतांचे व्होल्टेज, कार्ड आणि मदरबोर्ड एकमेकांशी ज्या आवाजात बोलतात तो आवाज. १.५ व्होल्टच्या हळू आवाजासाठी बनवलेल्या चिपसेटच्या कानाशी ३.३ व्होल्टचे कार्ड ओरडू लागले की कान फाटतो. हा कान म्हणजे बोर्डावरची नॉर्थब्रिज चिप, आणि तिच्यातूनच प्रोसेसर व मेमरी यांचाही कारभार चालतो. ती गेली की बोर्ड गेला. आपल्याकडे अशी चिप बदलून देणारा कारागीर सहजी मिळत नाही आणि मिळाला तरी त्या कामाचा खर्च जुन्या बोर्डाच्या किमतीच्या वर जातो.

आराखडा करणाऱ्यांना याची जाणीव होती. म्हणून त्यांनी स्लॉटमध्ये एक आडवा दांडा आणि कार्डाच्या दातांत एक खाच ठेवली. आपल्याकडचे मेकॅनिक या खाचेला ‘कट’ म्हणतात. दांडा जिथे, खाच तिथेच हवी, नाहीतर कार्ड आत जाणारच नाही. खाच कुठे आहे हे ओळखायला सोपे आहे. कार्डाला जी लोखंडी पट्टी असते, जिच्यात मॉनिटरची केबल बसते, तिच्यापासून मोजायचे. खाच पट्टीच्या जवळ, दातांच्या रांगेच्या साधारण एक तृतीयांशावर असेल, तर कार्ड ३.३ व्होल्टचे. खाच पट्टीपासून लांब, दोन तृतीयांशाच्या आसपास असेल, तर १.५ व्होल्टचे. दोन्ही ठिकाणी खाचा असतील, तर ते कार्ड दोन्ही व्होल्टेजवर चालते असा त्याचा अर्थ. हे नियमाप्रमाणे झाले. त्यातली मेख पुढे येईल. स्लॉटचेही तसेच. डब्याच्या मागच्या बाजूजवळ दांडा असेल तर बोर्ड ३.३ व्होल्टचा, आत लांब असेल तर १.५ व्होल्टचा, आणि दांडाच नसेल तर तो दोन्ही चालवतो.

दांडा नसलेल्या स्लॉटला कार्ड कोणते आहे हे कसे कळते, असा प्रश्न एखादा हुशार विद्यार्थी विचारतोच. त्यासाठी एक वेगळा दात ठेवलेला आहे, त्याचे नाव टाइपडेट. १.५ व्होल्टचे कार्ड हा दात जमिनीला, म्हणजे ग्राउंडला जोडते, ३.३ व्होल्टचे कार्ड तो मोकळा सोडते. बोर्ड सुरू होताना त्या दाताकडे पाहतो आणि संकेतांचे व्होल्टेज त्याप्रमाणे ठरवतो. पण ही विचारपूस दोन्ही व्होल्टेज येणाऱ्या बोर्डावरच उपयोगाची. जो बोर्ड १.५ व्होल्टशिवाय दुसरे काही जाणतच नाही, त्याच्यावर हा दात कुणी वाचला नाही, तर पुढचा अपघात टळत नाही.

आता बोर्ड कोणता हे ओळखायचे. बोर्डाचा नमुना क्रमांक बहुतेक वेळा पीसीआय स्लॉटांच्या मधल्या जागेत छापलेला असतो. त्यावरून त्याची पुस्तिका मिळवता येते, आणि ती वाचणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग. संगणक दुसऱ्या एखाद्या कार्डावर चालू होत असेल तर सीपीयू-झेड नावाचा छोटा प्रोग्राम चिपसेटचे नाव आणि एजीपीची आवृत्ती दोन्ही दाखवतो. आपल्या भागात इंटेलचे बोर्ड जास्त खपले, म्हणून त्यांचेच सांगतो. पेंटियम टू आणि सुरुवातीच्या पेंटियम थ्रीबरोबर आलेला ४४० बीएक्स, १९९८ चा, हा ३.३ व्होल्टचा. २००० चा ८१५ हा दोन्ही व्होल्टेज जाणणारा, म्हणून जुन्या कार्डांच्या बाबतीत सर्वांत सोशिक. पेंटियम फोरबरोबर आलेले ८५० आणि ८४५, आणि नंतर २००३ चे ८६५ व ८७५, यांना ३.३ व्होल्ट अजिबात चालत नाही. ८४५ चा बोर्ड आपल्याकडे घरोघरी आणि छापखान्या-छापखान्यांतून गेला, आणि माझ्या पाहण्यात जे बोर्ड जुन्या कार्डामुळे गेले ते बहुतेक याच जातीचे.

दांडा असताना चुकीचे कार्ड आत जातेच कसे? तीन वाटा आहेत. पहिली वाट कार्ड बनवणाऱ्यांची. १९९८–९९ च्या सुमारास ४एक्सचा बोलबाला सुरू झाला तेव्हा काही स्वस्त कार्डांना दोन्ही खाचा पाडल्या गेल्या, पण आतली चिप ३.३ व्होल्टचीच राहिली. टीएनटी-२ घराण्यातली काही एम-६४ आणि व्हांटा कार्डे आणि एसआयएस ३०५ ची काही कार्डे यात मोडतात. म्हणजे खाच खोटे बोलते. दुसरी वाट बोर्ड बनवणाऱ्यांची. चिपसेट १.५ व्होल्टचा, पण स्लॉट बिनदांड्याचा, असे थोडेफार बोर्ड निघाले. तिसरी वाट आपली. कार्ड बसत नाही म्हटल्यावर कानस घेऊन खाच वाढवणे, किंवा स्लॉटमधला प्लास्टिकचा दांडा पक्कडीने उपटणे.

या तिसऱ्या वाटेबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण ती आपल्या स्वभावात आहे. मराठीत ‘चालतंय की’ आणि कन्नडमध्ये ‘नडीतैति’, या दोन शब्दांवर आपला निम्मा व्यवहार चालतो. बसमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसतो तेव्हा ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’ म्हणून काम भागते, आणि भागावेही. पण दांडा जागा अडवायला ठेवलेला नाही, तो चुकीचे कार्ड रोखायला ठेवला आहे. तो काढला की कार्ड छान बसते, स्क्रूसुद्धा नीट लागतो, आणि बटण दाबल्यावर काही क्षणांत सगळे संपते. धूर निघेलच असे नाही. कधी पंखाही फिरत राहतो. म्हणून मेकॅनिक दुसरे तसलेच कार्ड लावून पाहतो, मेमरी बदलून पाहतो, आणि मूळ कारण कुणाच्या लक्षातच येत नाही.

माझ्या ओळखीच्या एका छापखान्यात असेच घडले. ८४५ चा बोर्ड, त्यावर वीसेक वर्षांच्या पत्रिका, जाहीर निवेदने, दोन शाळांच्या स्मरणिका. कार्ड गेले, मेकॅनिकने आपल्या खोक्यातून दोन खाचांचे, लेबल निघालेले एक कार्ड लावले. पडदा आला नाही. कार्ड काढून दुसरे लावले, तरी आला नाही. मालकाला वाटले वीसेक वर्षांचे काम पाण्यात गेले, आणि त्यांनी ते माझ्याकडे अगदी रडवेल्या आवाजात सांगितले. प्रत्यक्षात काम पाण्यात गेलेले नव्हते. बोर्ड जळाला म्हणजे हार्ड डिस्क जळाली असे नव्हे. हा मुद्दा घाबरलेल्या माणसाला कुणी सांगत नाही. जुनी आयडीई डिस्क यूएसबीच्या कन्व्हर्टरला जोडून कोणत्याही लॅपटॉपवर वाचता येते, तशी ती वाचली आणि सगळ्या फायली उतरवून घेतल्या. अडचण पुढेच होती. फायली आल्या, पण त्या उघडणारी प्रणाली प्रिंटर पोर्टच्या लॉकशिवाय चालत नव्हती. पुन्हा तसाच पोर्टवाला बोर्ड शोधण्यात दीड महिना गेला आणि लग्नसराईचा अर्धा हंगाम त्यात बुडाला. नवा मिळालेला बोर्ड ८६५ चा होता, आणि त्याला चालणारे कार्ड मात्र त्यांनी स्वतः खाच पाहून, चिपचे नाव वाचून निवडले.

चिपचे नाव वाचणे हाच खोट्या खाचेवरचा उपाय. कार्डाच्या पंख्याखाली किंवा हीटसिंकखाली चिप असते, आणि बहुतेक कार्डांच्या मागच्या बाजूला एक चिठ्ठी असते. इंटेलची आय-७४०, एनव्हिडियाची टीएनटी, थ्रीडीएफएक्सची व्हूडू-३, मॅट्रॉक्सची जी-२०० ही १९९८–९९ ची नावे दिसली, तर ते कार्ड १.५ व्होल्टच्या बोर्डाजवळ नेऊ नये, मग खाचा कितीही असोत. टीएनटी-२ दिसले तर ते कोणत्या जातीचे हे खात्रीने कळेपर्यंत तसेच बाजूला ठेवावे. उलट २००० चे जीफोर्स-२ एमएक्स किंवा २००२ चे जीफोर्स-४ एमएक्स ४४० ही खऱ्या अर्थाने दोन्हीकडे चालणारी कार्डे. ४४० बीएक्सवर २एक्सने चालतात, ८४५ वर ४एक्सने. अक्षरे टाइप करायला आणि पत्रिकेची मांडणी करायला ती गरजेपेक्षा जास्तच झाली. माझे मत विचाराल तर छापखान्याच्या संगणकासाठी यापुढचे महागडे कार्ड शोधण्यात अर्थ नाही. नंतरची जोरकस कार्डे वीज जास्त खातात. २००२ च्या रेडिऑन ९७०० ला तर स्लॉटची वीज पुरत नव्हती म्हणून वेगळी तार जोडावी लागे, आणि वीसेक वर्षांचा दमलेला पॉवर सप्लाय ती कार्डे पेलेलच याचा भरवसा नाही.

खोक्यावरच्या ४एक्स, ८एक्स या आकड्यांवर मात्र विसंबू नये. आकडा वेग सांगतो; व्होल्टेज त्यावरून अंदाजाने कळते, खात्रीने नाही. तसेच काही बोर्डांच्या बायोसमध्ये ‘एजीपी व्होल्टेज’ नावाचा पर्याय असतो, १.५ पासून १.८ पर्यंत. तो दिसला की काहींना वाटते, तिथे व्होल्टेज वाढवून जुने कार्ड चालवता येईल. तसे नाही. तो हौशी लोकांनी वेग ताणताना दशांशाने कमीजास्त करण्यासाठी ठेवलेला आहे, ३.३ चे कार्ड १.५ च्या बोर्डाशी जुळवण्यासाठी नव्हे. काही चांगल्या बोर्डांवर मात्र खरेच रखवालदार आहे. आसुसच्या पेंटियम फोरच्या कित्येक बोर्डांवर एजीपी-वॉर्न नावाचा लाल दिवा असतो. ३.३ व्होल्टचे कार्ड लावून बटण दाबले की तो दिवा लागतो आणि संगणक सुरूच होत नाही. असा दिवा लागला तर संगणक बिघडला असे समजून पुन्हा पुन्हा बटण दाबत बसू नये, गुपचूप कार्ड काढावे.

बसवतानाची एक गोष्ट. एटीएक्स संगणक बटणाने बंद केला तरी बोर्डावर ५ व्होल्टचा एक बारीक पुरवठा चालूच असतो. म्हणून कार्ड काढण्या-बसवण्याआधी भिंतीतली तारच काढावी. स्लॉटच्या आतल्या टोकाला एक छोटी आकडी असते, ती कार्डाला अडकली की कार्ड पूर्ण बसले. वर्कस्टेशनच्या काही बोर्डांवर एजीपी-प्रो नावाचा लांबलचक स्लॉट असतो. त्यात साधे कार्ड सरकून भलत्या जागी बसू शकते, म्हणून जास्तीच्या भागावर कंपनीने चिकटपट्टी किंवा टोपण लावलेले असते. ते काढू नये.

कार्ड जुळेल की नाही याची खात्रीच होत नसेल, तर एक सरळ वाट आहे आणि ती मेकॅनिक क्वचितच सुचवतात, कारण त्यात फारसे काही विकले जात नाही. पांढऱ्या पीसीआय स्लॉटमध्ये बसणारे जुने ग्राफिक कार्ड मिळवावे. एजीपीच्या व्होल्टेजचा प्रश्नच तिथे येत नाही. वेग कमी, पण मजकूर जुळवायला पुरेसा, आणि बोर्ड जिवंत आहे की नाही हे तपासायला तर त्यासारखे साधन नाही. ८४५ जी किंवा ८६५ जी असा ‘जी’ असलेला बोर्ड असेल, तर ग्राफिकची सोय बोर्डातच असते. अशा वेळी बिघडलेले कार्ड काढून टाकून मॉनिटरची केबल बोर्डाच्याच मागच्या पोर्टला लावली की बहुधा काम होते. पैसा न खर्चता.

घरातल्या मुलांना हे सगळे ऐकून आश्चर्य वाटेल. २००४ पासून आलेल्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये ही व्होल्टेजची दुफळी राहिलेली नाही. जुने कार्ड नव्या स्लॉटमध्ये, नवे जुन्या स्लॉटमध्ये सहसा बसते आणि मंद वेगाने का होईना चालते. तिथली काळजी म्हणजे पॉवर सप्लायची ताकद आणि जादा तारा, कारण स्लॉट स्वतः ७५ वॅटपेक्षा जास्त देत नाही. त्यामुळे वीस-बावीस वर्षांचा मेकॅनिक ‘बसलं म्हणजे चाललं’ या समजुतीने वाढलेला असतो, आणि त्यात त्याचा दोषही नाही. आपला जुना संगणक त्याच्या हाती देताना बोर्डाचे नाव आणि व्होल्टेज एका चिठ्ठीवर लिहून डब्याच्या आतल्या बाजूला चिकटवावे, मराठीत आणि कन्नडमध्येही. दुरून कार्ड मागवत असाल तर विक्रेत्याकडून फोटो दोन मागवावेत: एक दातांची पूर्ण रांग लोखंडी पट्टीसकट दिसेल असा, आणि दुसरा मागच्या चिठ्ठीचा. पट्टी फोटोत नसेल तर खाच जवळची की लांबची हे ठरवता येत नाही.